लेबलवरचं २११: सोडियम बेंझोएटला किती घाबरायचं?

अनवट
गेल्या तीन दिवसांत एकच संदेश चार ग्रुपांवर येऊन आदळला. काळी पाटी, कवटीचं चित्र आणि खाली मजकूर: सोडियम बेंझोएट पोटात गेलं की त्याचं बेंझीन होतं, बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो, आणि हे सगळ्या कंपन्यांना ठाऊक आहे. एरवी असलं काही मी न वाचताच उडवते. या वेळी सहा वर्षांची लेक तापाने झोपली होती, माझ्या हातात तिच्या खोकल्याच्या औषधाची बाटली होती, आणि बाटलीवर बारीक अक्षरात तेच नाव. मग रात्री साडेअकराला फ्रीज उघडून बसले. सॉस, सरबताचा अर्क, लेकीचं लाडकं शीतपेय. कुठे पूर्ण नाव, कुठे त्याचा नुसता सांकेतिक आकडा, २११.

शोधलं तर एका पानावर 'पूर्णपणे सुरक्षित', दुसऱ्यावर 'मंद विष'. मधलं कोणी बोलतच नाही. इथे रसायनातली आणि वैद्यकातली मंडळी आहेत म्हणून विचारते. बेंझीनची गोष्ट खरी की थाप? खरी असेल तर इतक्या देशांत हे चालतं कसं? आणि मुलांचा हिशेब वेगळा असतो का?

'बाहेरचं आणणंच बंद करा' हा सल्ला कृपया नको. तो सासूबाईंनी देऊन झालाय.

भोचक
सासूबाईंना +१.
बाकी जागा धरून बसलोय, जाणकार येतीलच.

परीक्षानळी
अन्नपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एकोणीस वर्षं काढली आहेत, त्यामुळे बेंझोएटशी जुनी ओळख. मोबाइलवरून लिहितेय, चुभूद्याघ्या.

पदार्थ बुरशी-यीस्टपासून टिकावा म्हणून ते घालतात. आधी ते बाटलीत काय करतं ते बघू. खरं काम करणारं सोडियम बेंझोएट नाहीच, बेंझोइक आम्ल आहे. पण हे आम्ल पाण्यात विरघळायला फार कुरकुरतं, लीटरभर पाण्यात जेमतेम साडेतीन ग्रॅम. त्याचा सोडियम क्षार मात्र झटकन विरघळतो. म्हणून घालायचा क्षार, आणि आंबट पदार्थात गेल्यावर त्याचं पुन्हा आम्ल होऊ द्यायचं. या आम्लावर विद्युतभार नसेल तेव्हाच ते बुरशीच्या किंवा यीस्टच्या पेशीचं आवरण ओलांडून आत जातं. आतलं वातावरण जवळजवळ उदासीन. तिथे ते फुटतं आणि पेशी आतून आंबट व्हायला लागते. मग पेशी बिचारी ते आम्ल बाहेर उपसत बसते, आणि त्या उपशातच तिची सगळी ताकद संपते. वाढायला काही उरत नाही. बेंझोएट जंतूंना मारण्यापेक्षा दमवतं जास्त.

सामू (पीएच) जितका कमी तितका पदार्थ आंबट. सामू ३ असेल तर सुमारे ९४ टक्के बेंझोएट या कामाच्या रूपात असतं. सामू ४.२ ला निम्मं. ६ ला गेलात तर उरतं दीड टक्का. म्हणून ते आंबट पदार्थांतच घालतात, बाकी ठिकाणी घालून उपयोग शून्य.

एकदा आमच्याकडे एका उत्पादकाच्या फुगलेल्या बाटल्या आल्या. बेंझोएट मर्यादेला टेकलेलं, तरी आत फसफस. सामू मोजला तर साडेचारच्या वर. चव सौम्य व्हावी म्हणून त्यांनी आम्ल कमी केलं होतं, कोणालाही न विचारता. गृहस्थ म्हणाले, 'मग अजून थोडं बेंझोएट टाकू का?' अहो, आंबटपणा वाढवा! काही यीस्ट तर सामू बरोबर असूनही दाद देत नाहीत. झायगोसॅकरोमायसिस बेली नावाचं एक आहे, ते बेंझोएटला भीकच घालत नाही. ते एकदा कारखान्याच्या नळ्यांत मुक्कामाला आलं की घासून घासून हात दुखतात.

बेंझीनचं जेवणानंतर लिहिते, तो विषय मोठा आहे.

उंटावरचा शहाणा
छान समजावलंत. पण जे यीस्टच्या पेशीला दमवतं ते आपल्या पेशींना दमवणार नाही कशावरून? शेफील्ड विद्यापीठातले पीटर पायपर यांनी यीस्टवर काम करून म्हटलं होतं की बेंझोएटमुळे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियातल्या डीएनएची हानी होते. २००७ मध्ये ब्रिटनच्या वर्तमानपत्रात मोठी बातमी होती. तेही वैज्ञानिकच ना?

स्टेथोस्कोप
वैज्ञानिकच, आणि प्रयोगही खरा. पण यीस्टला यकृत नसतं.

आपण खाल्लेलं बेंझोएट आतड्यातून रक्तात आणि तिथून यकृतात जातं. यकृत त्याला ग्लायसिन हे अमिनो आम्ल जोडतं, त्याचं हिप्युरिक आम्ल होतं आणि ते लघवीवाटे निघून जातं. बहुतेक सगळा माल दिवसभरात बाहेर. हे काल-परवा कळलेलं नाही. १८४२ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ वोलर यांच्या प्रयोगशाळेत केलर नावाच्या तरुणाने बेंझोइक आम्ल स्वतः गिळलं आणि स्वतःच्या लघवीत हिप्युरिक आम्ल शोधलं. (हिप्युरिक हे नाव घोड्यावरून पडलंय. लीबिग यांना ते आधी घोड्याच्या मूत्रात सापडलं होतं.)

मी नवजात बालकांच्या विभागात काम करतो. काही बाळांमध्ये युरिया तयार करणारी साखळी जन्मतःच तुटलेली असते, रक्तात अमोनिया साठतो आणि मेंदू धोक्यात येतो. अशा वेळी आम्ही हेच सोडियम बेंझोएट शिरेतून देतो. ते ग्लायसिन पकडून बाहेर पडतं, आणि ग्लायसिनबरोबर नायट्रोजनही जातो. प्रमाण किती? किलोमागे २५० मिलिग्रॅम. शीतपेयातून कोणी एवढं घेऊ शकत नाही.

आता लगेच टाळ्या वाजवू नका. १९८२ मध्ये अमेरिकेत एक इशारा निघाला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या शिरेतल्या नळ्या धुवायला जे द्रावण वापरत, त्यात जंतू वाढू नयेत म्हणून बेंझाइल अल्कोहोल घातलेलं असायचं. शरीरात त्याचं बेंझोइक आम्लच होतं. त्या एवढ्याशा यकृतांना ग्लायसिन जोडण्याचं काम झेपेना, आम्ल साठत गेलं, बाळं धापा टाकू लागली, आणि काही दगावली. म्हणजे ज्याने काही बाळं वाचतात त्याच कुळातल्या रसायनाने काही गेली. तेव्हापासून नवजात बाळांच्या बाबतीत बेंझाइल अल्कोहोल टाळतात.

अनवट, तुमच्या सहा वर्षांच्या लेकीचं यकृत हे काम व्यवस्थित करतं. खोकल्याचं औषध सांगितलेल्या मात्रेत द्या. आणि घरात मांजर असेल तर तिला मात्र बेंझोएटचं काही चाटवू नका, मांजराच्या शरीराला हे पदार्थ निपटणं फार अवघड जातं.

अनवट
बापरे. घाबरवलंत आणि धीरही दिलात, दोन्ही एकाच प्रतिसादात! मांजर नाही, सुटले.

हिशेबनीस
मर्यादेचा हिशेब कोणीच मांडत नाहीये म्हणून मी मांडतो.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये पुन्हा तपासून ठरवलं की आयुष्यभर रोज घेतलं तरी चालेल असं प्रमाण किलो वजनामागे ५ मिलिग्रॅम. लेक २० किलोची धरू. म्हणजे दिवसाला १०० मिलिग्रॅम. युरोपात शीतपेयात लीटरला जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम चालतं. १०० भागिले १५०, म्हणजे साधारण पाऊण लीटरच्या अलीकडे, ६६० मिलीच्या आसपास. अमेरिकेत मात्र ०.१ टक्क्यापर्यंत मुभा आहे, म्हणजे लीटरला १००० मिलिग्रॅम. तिथे खरंच कोणी कमाल मर्यादेइतकं घातलं, तर हेच १०० मिलिग्रॅम अवघ्या १०० मिलीत संपले. सगळे उत्पादक एवढं घालत नाहीत हे मान्य, पण नियमाच्या कागदावर तफावत मोठी आहे.

त्याच २०१६ च्या अहवालात असंही म्हटलंय की चवदार पेयं भरपूर पिणारी लहान मुलं ही मर्यादा ओलांडू शकतात. तेव्हा 'पूर्णपणे सुरक्षित' लिहिणाऱ्या पानालाही मी शून्य मार्क देतो.

पैलतीर
आणि हे कोणी सांगणार नाही: २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने ही ५ ची मर्यादा थेट २० केली. चौपट! रसायन तेच, माणूस तोच, मग मर्यादा चौपट कशी झाली? कोणाच्या सोयीसाठी, ते सुज्ञांस सांगणे न लगे.

परीक्षानळी
जेवून आले. पैलतीर, संशय घेणं गैर नाही, पण या वेळी उत्तर उघड छापलेलं आहे.

जुनी ५ ची मर्यादा उंदरांच्या एका पिढ्यांवरच्या प्रयोगातून आली होती. त्यात किलोमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत काही अपाय दिसला नव्हता. त्याला १०० ने भागलं, झाले ५. नव्या आणि जास्त बारकाईच्या प्रयोगात १००० मिलिग्रॅमलाही अपाय दिसला नाही. शिवाय उंदीर आणि माणूस बेंझोएट कसं निपटतात याची नेमकी माहिती हाती आल्यामुळे भागायचा आकडा १०० ऐवजी ५० घेतला. १००० भागिले ५० बरोबर २०. भागायचा आकडा कमी करणं योग्य होतं का, यावर वाद घाला, मीही घालीन. मला स्वतःला मुलांच्या बाबतीत जुनी ५ चीच बरी वाटते. पण 'कोणीतरी पैसे चारले' हे त्या आकडेमोडीतून निघत नाही.

आता बेंझीन.

अनवट, तुमच्या संदेशात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. बेंझीन कर्करोगकारक आहे यात काहीही शंका नाही, कर्करोगकारकांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत ते पहिल्याच गटात मोडतं, आणि रक्ताच्या कर्करोगाशी त्याचं नातं सिद्ध झालंय. बेंझोएटपासून ते तयार होऊ शकतं हेही खरं. पण संदेशवाले ठिकाण चुकलेत. ही भानगड बाटलीत होते. त्यासाठी बेंझोएटला जोडीदार लागतो, क जीवनसत्त्व. पाण्यात तांब्याचा किंवा लोखंडाचा अंश असला की क जीवनसत्त्व प्राणवायूशी झटापट करून एक फार आक्रमक मूलक (फ्री रॅडिकल) तयार करतं. ते बेंझोइक आम्लाचा कार्बन डायऑक्साइडचा तुकडा तोडून टाकतं. उरतं ते बेंझीन. उष्णता आणि ऊन असेल तर हे जोरात चालतं, थंड काळोखात अगदी मंद.

गंमत बघा, क जीवनसत्त्व लोक पौष्टिक म्हणून शोधून शोधून घेतात. जोडी जमवण्यात खरा हात त्याचा.

उत्पादकांना आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला हे १९९० च्या सुमारास कळलं होतं. तेव्हा कंपन्यांनी आपापल्या कृती बदलायचं कबूल केलं, आणि विषय लोकांपर्यंत फारसा गेला नाही. 'कंपन्यांना माहीत आहे' हे वाक्य एवढ्यापुरतं खरं आहे, आणि मला त्याचा राग आहे. पंधरा वर्षांनी, २००५-०६ मध्ये, पुन्हा तपासण्या झाल्या तेव्हा काही पेयांत बेंझीन निघालंच. ब्रिटनमध्ये १५० पेयं तपासली. बहुतेकांत काही मिळालं नाही किंवा अगदी थोडं मिळालं. चार उत्पादनांत ते पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या पातळीच्या, म्हणजे अब्जात १० भागांच्या, वर होतं. ती बाजारातून काढली.

अब्जात दहा भाग म्हणजे किती थोडं, ते सांगायला नको. गाड्यांच्या धुरातून आणि सिगारेटमधून याहून कितीतरी जास्त बेंझीन छातीत जातं. म्हणून मी बाटलीला माफ करते असं नाही. तिथे ते असायचं कारणच नाही, आणि टाळणं सोपं आहे.

चष्मिष
अवांतर, पण राहवत नाही. बेंझीन हे नावच मुळी बेंझोइक आम्लावरून पडलं! १८३३ च्या सुमारास जर्मन रसायनतज्ज्ञ मिचरलिख यांनी बेंझोइक आम्ल चुन्याबरोबर तापवलं आणि जो द्रव मिळाला त्याला 'बेंझिन' म्हटलं. आणि बेंझोइक कुठून आलं? स्टायरॅक्स झाडाच्या सुगंधी डिंकापासून, ज्याला आपण ऊद म्हणतो. अरबी व्यापारी त्याला 'लुबान जावी', म्हणजे जावाचा लोबान म्हणत. युरोपात पोचेपर्यंत पुढचा 'लु' गळाला आणि 'बेंझोइन' झालं. म्हणजे आपला लोबान आणि हे बेंझोएट एकाच अरबी शब्दाची लेकरं. मिचरलिख यांनी १८३३ मध्ये भट्टीत जे केलं तेच आज उन्हातली बाटली चोरून करते.

आणि हा वादही शंभर वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत १९०२ पासून हार्वी वायली या सरकारी रसायनतज्ज्ञाने तरुण स्वयंसेवकांची एक पंगत बसवली होती. त्यांना जेवणातून टाकणखार, सॅलिसिलिक आम्ल, फॉर्मॅल्डिहाइड, बेंझोएट असं एकेक देऊन तब्येतीवर नजर ठेवायची. वर्तमानपत्रांनी त्यांना 'विष पथक' नाव दिलं. वायली बेंझोएटच्या पूर्ण विरोधात. १९०६ चा अन्न व औषध कायदा होण्यात त्यांचा मोठा वाटा. पण बेंझोएटवर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी आयरा रेमसन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी समिती नेमली, आणि १९०९ मध्ये तिने थोड्या प्रमाणात अपाय नाही असा निर्वाळा दिला. वायली १९१२ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. मजा म्हणजे हाइन्झ कंपनी तेव्हा वायलींच्या बाजूने होती. त्यांनी पिकलेले टोमॅटो, जास्त साखर आणि जास्त व्हिनेगर वापरून बेंझोएटविना केचप टिकवून दाखवलं.

भोचक
म्हणजे बेंझोएट काढलं आणि साखर घातली. आता साखरेचा धागा काढा कोणीतरी.

निशाचर
मी वाचनमात्र असते, पण आज लिहिते. मला बेंझोएट सोसत नाही. अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. दोन वर्षं कोणी मानायलाच तयार नव्हतं, 'मनाचे खेळ' म्हणून बोळवण व्हायची. शेवटी एका त्वचारोगतज्ज्ञांनी सगळं बंद करून एकेक पदार्थ परत चालू करायला लावला, तेव्हा सापडलं. 'यकृत निपटतं, काळजी नको' हे वाचताना जरा टोचलं, म्हणून लिहिलं. माझ्यासारखे थोडे असतील, पण आहेत.

स्टेथोस्कोप
निशाचर, बरोबर आहे तुमचं, माझ्या लिहिण्यात ते सुटलं. पित्त उठण्याचा जुना त्रास किंवा दमा असलेल्या काही लोकांना बेंझोएटने त्रास वाढतो, हे वैद्यकात नोंदलेलं आहे. तुमच्या डॉक्टरांनी केलं तसं बंद करून पुन्हा देऊन बघणं हाच भरवशाचा मार्ग. एक लक्षात ठेवा: बेंझोइक आम्ल क्रॅनबेरीत, दालचिनीत, लवंगेत निसर्गतःच असतं, दह्यातही थोडं तयार होतं. लेबलवर २११ नसलं तरी ते ताटात असू शकतं.

निशाचर
दालचिनीने होतं! मला वाटायचं ती वेगळीच भानगड आहे. धन्यवाद डॉक्टर.

उंटावरचा शहाणा
आणि मुलं चंचल होतात त्याचं काय? साउदम्प्टनचा अभ्यास विसरू नका.

हिशेबनीस
विसरलो नाही. २००७, लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक. तीन वर्षांची आणि आठ-नऊ वर्षांची मुलं, त्यांना कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट यांचं मिश्रण. काही मुलांची चंचलता थोडी वाढलेली दिसली. पण रंगांची दोन वेगळी मिश्रणं होती आणि बेंझोएट दोन्हींत होतं. मग जे दिसलं ते रंगांमुळे की बेंझोएटमुळे, हे त्या अभ्यासातून वेगळं काढताच येत नाही. युरोपने २०१० पासून त्या अभ्यासातल्या सहा रंगांसाठी लेबलवर इशारा सक्तीचा केला, बेंझोएटसाठी नाही. बेंझोएट निर्दोष सुटलं असं मी म्हणणार नाही. त्याच्यावर स्वतंत्र खटला चाललाच नाही.

पैलतीर
एवढं सगळं लिहून शेवटी 'खा' असंच म्हणायचंय ना तुम्हाला? हेमाशेपो (हे माझे शेवटचे पोस्ट).

परीक्षानळी
नाही हो. मी स्वतः बाटली हातात घेतली की दोन आकडे बघते. २१० ते २१३ पैकी एखादा, आणि ३०० ते ३०३ पैकी एखादा. पहिले बेंझोएटचे, दुसरे क जीवनसत्त्वाचे. दोन्ही एकत्र दिसले तर बाटली खाली ठेवते. फळाचा रस असेल तर ३०० न छापताही क जीवनसत्त्व असतंच, तेही ध्यानात ठेवा. हल्ली बरेच उत्पादक २०२, म्हणजे पोटॅशियम सॉर्बेट वापरतात. त्याचं बेंझीन होत नाही. फक्त काही बुरश्या सॉर्बेट खाऊन रॉकेलसारखा वास सोडतात. तो वास आला तर पदार्थ टाकून द्या, रॉकेल कोणी घातलेलं नसतं.

अनवट
आत्ता परत फ्रीज उघडला. खोकल्याच्या औषधात नुसतं २११. सॉसमध्येही नुसतं २११. पण लेकीच्या पेयावर २११, ३०० आणि ३८५ असे तीन आकडे आहेत. हे ३८५ काय नवीन? तिसरं विष का?

परीक्षानळी
उलट! ३८५ म्हणजे ईडीटीए. ते पाण्यातलं तांबं-लोखंड घट्ट धरून ठेवतं, म्हणजे क जीवनसत्त्वाला झटापटीला साथीदारच मिळत नाही. त्या उत्पादकाने बेंझीनचा विचार केलाय म्हणून ते घातलंय. नावाने सगळ्यात भयंकर वाटणारं तेच, आणि त्या बाटलीत राखणदारही तेच.
पेय साखरेचं आहे की बिनसाखरेचं?

अनवट
बिनसाखरेचं. दात किडतात म्हणून मुद्दाम तेच आणते.

परीक्षानळी
साखर असली की बेंझीन होण्याचा वेग मंदावतो. म्हणून तपासण्यांत बिनसाखरेच्या पेयांत ते जास्त वेळा सापडलं. ३८५ आहे म्हणजे बरंच निभावतं. बाटली ठेवता कुठे?

अनवट
उघडलेली फ्रीजमध्ये. बाकीच्या सहा गॅलरीत, खोक्यात. दुपारी तिथे ऊन येतं.

उचलून आणते.